आवाजाचा रकाना

ह्या माणसाचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड बोलायची पद्धत आहे, पण काकांना ती मुळीच चालली नसती. कुणाच्या तेराव्याला कुणी 'देवमाणूस होता हो' म्हणालं, की काका मोठ्याने विचारायचे, "कशावरून?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

मी तेव्हा विरार पश्चिमेला इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात कामाला होते. खाली टीव्ही, मिक्सर, इस्त्र्या. वर पोटमाळ्यावर कॅमेऱ्यांचं काउंटर. ते माझं. फोनमध्ये कॅमेरे आले होते, पण त्यांतला व्हिडिओ म्हणजे धुरकट काचेतून बघितल्यासारखा. त्यामुळे घरात बारसं, मुंज, साठी असं काही निघालं की माणसं व्हिडिओ कॅमेरा घ्यायला यायची. कुठल्याही कंपनीचा असो, सगळे त्याला हँडीकॅमच म्हणायचे. टेपवाले, छोट्या डीव्हीडीवाले, हार्डडिस्कवाले, नव्याने आलेले मेमरी कार्डवाले, सगळे एकाच काचेत मांडलेले असायचे आणि गिऱ्हाईक गोंधळून जायचं. गोंधळलेलं गिऱ्हाईक आमच्या शेठना फार आवडायचं.

काका दर गुरुवारी यायचे. विरार पूर्वेला चंदनसारला राहायचे, तिथून चालत. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची पिशवी. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू आणि पेट्रोल पंपांची मापं तपासली होती आणि कुठेच डोळेझाक न केल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी बदली होऊन बिऱ्हाड उचललं होतं. आम्ही दुकानातले त्यांना मागे 'तराजू' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा म्हणाले, "म्हणा की. शिवी नाहीये ती."

पिशवीतून निघायचं ते असं: चावीचं गजराचं घड्याळ, लाल-हिरवे-पिवळे पट्टे शिवलेला एक रुमाल आणि लांबट जाड वही.

"पंखा बंद करा बाई," हे त्यांचं पहिलं वाक्य. मे महिन्यात, पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर! पंखा बंद केला की ते घड्याळ काउंटरवर ठेवायचे, चार पावलं मागे जायचे आणि कॅमेरा चालू करून पुतळ्यासारखे उभे राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. त्या वेळात कुणी बोलायचं नाही. मी एकदा शिंकले तर त्यांनी घड्याळ लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग हेडफोन कानाला लावून ती टिकटिक ऐकत बसायचे, डोळे मिटून. त्यानंतर काउंटरखाली वाकून अंधारात रुमाल धरायचा आणि रंग ओळखू येतात का बघायचं. मग खिडकीतून जीवदानीच्या डोंगराकडे झूम. देवळाच्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसल्या तर झूम खरा.

हे सगळं वहीत उतरायचं. एका कॅमेऱ्याला एक पान. आवाज, अंधार, झूम, हाताची थरथर, बॅटरी असे रकाने, आणि शेवटचा रकाना 'थाप'. त्यात खोक्यावर काय छापलंय आणि विकणारा काय सांगतो ते लिहायचे. एकदा ते पाणी प्यायला खाली गेले असताना मी वही उघडून बघितली. माझंच वाक्य होतं. 'काउंटरवरील बाई म्हणतात: अगदी टीव्हीसारखं येतं. तपासले. येत नाही.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दिवसभर उभी राहून चार शब्द गोड बोलते, हे माझं काम. आणि हा रिकामटेकडा माणूस ते शब्द वहीत डांबून ठेवतो! विकत तर काही घेत नाही. दसऱ्याच्या गर्दीतसुद्धा येऊन उभा. एकदा माझ्यासमोर एक जोडपं कॅमेरा पसंत करून बसलं होतं, खोकं बांधायचं तेवढं राहिलं होतं. काका मागून म्हणाले, "कुणाला टिपायचंय?"

"अं? बाळाला," तो नवरा म्हणाला.

"रांगतंय?"

"अजून नाही."

"मग रांगेल. तुम्ही त्याच्यामागे पळाल तेव्हा ह्या कॅमेऱ्यात भूकंप झाल्यासारखं दिसेल. हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवतो तो घ्या, तो डावीकडचा. आणि घरात आजी-आजोबा आहेत?"

"आजी आहे."

"तर मग माईक बघून घ्या. म्हातारी माणसं हळू बोलतात."

जोडप्याने डावीकडचा घेतला, जो शेठना खपवायचा नव्हता. त्या दिवशी माझी जी खरडपट्टी निघाली ती मी काकांच्या नावावर मनात लिहून ठेवली.

झूमवरून तर त्यांचं आणि शेठचं जुंपलंच. दुकानाच्या दारात एक मोठं पोस्टर लावलं होतं: 'आठशे पट झूम!' काका त्याच्यापुढे उभे राहिले की त्यांच्या कानशिलाची शीर उडायची. "अहो, भिंगाचा झूम वीस पट. पुढचं सगळं चित्र फुगवणं आहे, फुगवणं! फुग्यावरचं नाक फुगा फुगवल्यावर मोठं होतं, म्हणून काय ते जवळ आलं?" शेठ म्हणाले, "कंपनीने छापलंय काका, मी नाही." पुढच्या गुरुवारी पोस्टरखाली वहीचं फाडलेलं पान चिकटवलेलं होतं, सुवाच्य अक्षरात: 'पैकी खरे वीस.' शेठनी ते फाडलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा होतं.

"एवढा त्रास कशाला घेता?" मी एकदा विचारलं. खरं तर 'देता' म्हणायचं होतं.

"लोक फसतात, बाई. आणि तांदूळ कमी मिळाला तर निदान भात शिजवताना तरी कळतं. हे कळतं तेव्हा ते मूल मोठं झालेलं असतं, नाहीतर ते म्हातारं गेलेलं असतं. पुन्हा कुठून आणणार?"

त्यांच्या बोलण्यात हे परत परत यायचं, की डोळ्याला फोटो पुरतो, व्हिडिओ घ्यायचा तो कानासाठी. वहीत सगळ्यात रुंद रकाना आवाजाचा होता. त्यांच्या बिल्डिंगमध्ये एक बारसं होतं, तिथे मलाही बोलावणं होतं, कारण कॅमेरा मीच विकला होता. बाळाचा मामा शूटिंग करत फिरत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "हात हलवा, हात हलवा." सगळे ओळीने हात हलवत होते. काकांनी मामाला धरलं. "हात काय हलवायला लावता? गाव सोडून चाललेत का सगळे? पणजीबाईंना विचारा नाव कुणी सुचवलं ते, आणि गप्प उभे राहा!" मामा बिचारा रडवेला झाला. पण पणजीबाई बोलल्या. चांगलं पंधरा मिनिटं बोलल्या, आणि नाव ठेवण्यावरून झालेलं एक जुनं भांडणही त्यांनी सगळ्यांसमोर उकरून काढलं. बाळाच्या आजीने नंतर महिनाभर काकांशी बोलणं टाकलं.

काकूंना ह्या सगळ्याची सवय झाली होती. त्यांच्या घरी टेपवाला एकच जुना, विटेसारखा जड कॅमेरा होता. "माझे शंभर व्हिडिओ असतील," काकू मला म्हणाल्या, "आणि एकातही मी हसत नाहीये. सगळ्यात मी ह्यांना ओरडतेय. म्हणतात, हाच तुझा खरा आवाज."

इथवर गंमत होती. पुढचं सांगताना मला आजही राग येतो, आणि त्या रागातला मोठा वाटा माझा स्वतःवरचा आहे.

काचेत एक चंदेरी, मुठीत मावणारा कार्डवाला कॅमेरा ठेवला होता. दाखवायचा पीस. पडदा मोठा, चित्र झकास. एका गुरुवारी काकांनी त्याची घड्याळाची परीक्षा घेतली आणि हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. "ऐका."

मी ऐकलं. टिक टिक टिक. "छान येतंय की."

"ऐकत राहा."

तीन-एक मिनिटं गेली आणि टिकटिकीच्या जागी नुसती खरखर सुरू झाली. कढईत पाण्याचा थेंब पडल्यावर होते तशी. ती थांबलीच नाही. काकांनी पुन्हा घेऊन बघितलं, पुन्हा तेच. कॅमेरा गरम झाला की माईक बसायचा. त्यांनी कॅमेरा उलटा करून त्याचा नंबर वहीत लिहून घेतला, खाली जाऊन शेठना सांगितलं, "हा पीस विकू नका. कंपनीकडे परत पाठवा." शेठ म्हणाले, "पाठवतो, पाठवतो."

पाठवला नाही. दोन आठवड्यांनी मी बघितलं तर तो पुसून, पट्टा बदलून, सीलबंद केल्यासारखा खोक्यात घातलेला होता. बुडाशी माझ्याच अंगठीने पडलेला एक चरा होता, म्हणून मी ओळखला. मी काही बोलले नाही. मनात म्हटलं, दुरुस्त केला असेल. असं मनात म्हणणं किती सोपं असतं!

त्याच आठवड्यात अर्नाळ्याकडच्या एका कोळीवाड्यातून एक माणूस आला. चाळिशीचा, बोटीवर जाणारा, उन्हाने रापलेला. बायको बरोबर होती. पोटमाळ्यावर आल्यावर त्याने चपला जिन्याशी काढल्या.

"कॅमेरा पायजे. आवाज बरा भरला पायजे," तो म्हणाला. "आयचा आवाज भरून ठेवायचा हाय. तिच्या गल्यात गाठ हाय. दाक्तर बोलला, आपरेशन केल्यावर आवाज नाय रानार. अजिबात नाय."

"माझी सासू धवलारीन हाय," बायको हळूच म्हणाली. आमच्या ह्या पट्ट्यात आगरी-कोळ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी गाण्यातून पार पाडणारी बाई असते, ती धवलारीण. तिची गाणी कुठे लिहिलेली नसतात. "तिला सगली गानी तोंडपाठ हायत. माज्या लग्नातपन तिनंच गायली. आता ती सगली भरून घ्यायची, रविवारी."

शेठ खालून आले, सगळं ऐकलं आणि कपाटातून तेच खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "नवीन मॉडेल. दाखवा ह्यांना."

मी शेठकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडायला आली होती आणि तुळिंजची आमची खोली माझ्या नोकरीवर उभी होती. हे कारण खरं होतं. पण ते कारण आहे, माफी नाही. मी कॅमेरा चालू केला. त्या बाईला म्हटलं, "बोला ना काहीतरी." ती लाजत म्हणाली, "काय बोलू?" अर्धं मिनिट भरलं, लावून दाखवलं. आवाज स्वच्छ आला. दोघं हसली. खोकं माझ्या हातांनी बांधलं मी. "सांभाळून वापरा," असंही म्हणाले.

तीन आठवड्यांनी तो माणूस एकटाच परत आला. गुरुवार होता, काका खिडकीशी झूम लावून बसले होते. त्याने कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "तुमच्या टीव्हीला लावा."

मी लावला. कोळीवाड्यातल्या घराची ओटी, नऊवारीतली एक किडकिडीत म्हातारी, शेजारी दोन बायका. म्हातारीने हात जोडले आणि गायला लागली. तो आवाज मला अजून आठवतो. गोड नव्हता. जाडा, खोल, खडीवर होडी ओढल्यासारखा, आणि त्यात असा काही हुकूम होता की पोटमाळ्यावर आम्ही तिघंही सरळ उभे राहिलो. मग खरखर सुरू झाली. चित्र चालूच. म्हातारीचे ओठ हलत होते, हात हलत होते, मध्येच ती थांबून पाणी प्यायची, पुन्हा गायची. दीड-दोन तास होतं ते. नुसती खरखर.

"सुरवातीला लावून बघितला व्हता," तो माणूस म्हणाला. "बरा वाटला म्हनून सगला नाय बघितला. आपरेशनाची घाई व्हती. काल आय घरी आली. तिला दाखवायला लावला."

शेठ वर आले. त्यांनी बघितलं आणि क्षणभर, खोटं कशाला बोलू, त्यांचाही चेहरा उतरला. पण क्षणभरच. "माईकचा प्रॉब्लेम दिसतो. वॉरंटीत आहे. आत्ताच्या आत्ता नवीन पीस देतो तुम्हाला."

"नवीन पीस घेऊन काय करू? आय परत गानार काय?"

काका खिडकीपासून पुढे आले. त्यांनी कॅमेरा उलटा केला, वही उघडली, बोट ठेवून नंबर जुळवला. सावकाश. "हाच," ते म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं होतं. विकू नका म्हणून सांगितलं होतं."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका," शेठचा आवाज चढला. "गिऱ्हाईक नाही काही नाही, दर आठवड्याला येऊन बसता. आणि मी कुठे विकलाय? काउंटर बाईंचं आहे. विचारा त्यांना. त्यांनी चेक करून दिला."

काका माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं? हाच पीस आहे म्हणून?"

खाली कुठलातरी टीव्ही क्रिकेट दाखवत होता. मी म्हटलं, "हो."

इतकी वर्षं ते मला 'अहो बाई' म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी 'तू' म्हटलं. "तू ऐकलं होतंस. माझ्याशेजारी उभं राहून, ह्या कानांनी ऐकलं होतंस. ह्याला माहीत होतं हे मी समजू शकतो, हा दुकानदार आहे. पण तू ऐकलं होतंस ना!"

मी त्या माणसाकडे वळून सगळं सांगितलं. पीस आधीच बिघडलेला होता, तो पुसून खोक्यात घातला, मला चऱ्यावरून कळलं होतं, आणि मी तरी तुम्हाला बांधून दिला. शेठ ओरडत होते, मी सांगत राहिले. तो माणूस चिडेल, हात उचलेल असं वाटलं. त्याने तसं काही केलं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं, कॅमेरा तसाच काउंटरवर ठेवला आणि जिन्याशी जाऊन चपला घातल्या. माझी नोकरी त्याच दुपारी गेली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तीन आठवडे उशिरा गेली, ह्याचं वाटतं.

काकांनी चार दिवसांत तक्रारीचा मसुदा तयार केला. नंबर, तारीख, वहीतल्या पानाची नक्कल, सगळं. तो घेऊन ते कोळीवाड्यात गेले. म्हातारीच्या मुलाने सही केली नाही. "काका, केस लढवून शेठला शिक्षा व्हईल. पन ह्या कागदान आयचा आवाज हाय का?" काकूंनी मला नंतर सांगितलं की काका त्या दिवशी घरी आले आणि जेवणापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या संसारातली ही पहिलीच वेळ.

आठवडाभराने सकाळी आमच्या दारावर थाप पडली. तुळिंजला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काका धापा टाकत उभे. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. आत या म्हटलं, आले नाहीत.

"म्हातारी किती लग्नांत गायली असेल?" त्यांनी विचारलं.

"शेकड्यांनी असेल."

"लग्नांचं शूटिंग करतात ना लोक? मग तिचा आवाज कुठेतरी असणारच. मुलाकडून गावांची यादी आणलीय. चप्पल घाल."

मग सुरू झाली ती वणवण. आगाशीपर्यंत बसने, तिथून पुढे कधी बस, कधी रिक्षा, कधी पायी. दोन महिने रविवारचा दिवस त्यात गेला. काका पुढे, मी मागे. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. लोक चांगले होते. चहा द्यायचे, कपाटातून लग्नाची सीडी काढायचे, लावायचे. आणि प्रत्येक सीडीत तेच. मांडव दिसतोय, हळद दिसतेय, म्हातारी तोंड उघडून गातेय, आणि वर वाजतंय सिनेमातलं गाणं! शूटिंगवाल्यांनी खरा आवाज पुसून वरून गाणी चिकटवलेली. एक नाही, दोन नाही, सगळीकडे. हळदीत नवरी रडतेय आणि वर कुठल्यातरी हिरोचं नाचाचं गाणं.

आगाशीच्या बाजारात एका शूटिंगवाल्याचा स्टुडिओ होता. निम्मी लग्नं त्यानेच केलेली. काकांनी मूळ टेपा मागितल्या.

"टेपा कोण ठेवतं, काका? त्याच्यावर पुढचं लग्न घेतो आम्ही."

"आणि आवाज का पुसला?"

"लाइव्ह आवाज कोण ऐकतो? नुसता गोंधळ असतो हो."

"त्या गोंधळात ती बाई गात होती!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या फुलवाल्या बायका उठून आल्या. "तिच्या गाण्यावर तुमचं लग्न लागत होतं! भटजीचे मंत्र पुसता का? पुसून बघा की एकदा! गरीब बाई गाते, लिहून ठेवलेलं नाही, म्हणून गोंधळ?" शूटिंगवाल्याने आधी हसायचा प्रयत्न केला, मग खाली बघितलं. मला तिथे पहिल्यांदा कळलं की हा माणूस कॅमेऱ्यांवर चिडत नव्हता. कधीच चिडला नव्हता.

शेवटी मिळालं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. भाच्याच्या हळदीला त्यांनी भावाचा कॅमेरा हातात घेतला होता. चालू करता आला, बंद करता आला नाही. बंद झाला असं समजून गळ्यात अडकवला आणि कामाला लागल्या. "नुसते पाय आलेत हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "पुसायचंच राहून गेलं." त्यांनी लावलं. शेणाने सारवलेलं अंगण, पाय, साड्यांचे काठ, कलंडलेली बादली, मध्येच एक कोंबडी. पंचेचाळीस मिनिटं हेच. आणि ह्या सगळ्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तो आवाज. अखंड. स्पष्ट.

काका खाली बसले. खुर्ची होती तरी जमिनीवर बसले. बाई म्हणाल्या, "चित्र अगदीच वाया गेलंय ना?" काका म्हणाले, "बाई, आजवर बघितलेलं सगळ्यात उत्तम शूटिंग आहे हे." त्यांनी कुणाला असं काही म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

पुढच्या रविवारी आम्ही कोळीवाड्यात गेलो. म्हातारी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, गळ्याशी पांढरं फडकं. आणखीच वाळली होती. मुलाने टीव्हीला कॉपी लावली. पाय दिसायला लागले, घरातली पोरं हसली, आणि मग आवाज आला तशी सगळी चिडीचूप झाली. सून तोंडाला पदर लावून रडायला लागली. म्हातारी रडली नाही. डोळे मिटून ऐकत होती, बोटं मांडीवर चालत होती.

मध्येच तिने डोळे उघडले आणि जमिनीवर हात आपटला. मुलगा घाबरून उठला. "काय झाला, आय? दुखते?" तिने जोरात मान हलवली, टीव्हीकडे बोट केलं, पुन्हा हात आपटला. संतापली होती. आवाज नव्हता, पण संताप सगळा चेहऱ्यावर होता. कुणाला काही कळेना. शेवटी सुनेच्या ध्यानात आलं. "मागून गानाऱ्या बायकांनी गान्यातली एक ओल खाल्ली," ती म्हणाली. "चुकीचा गायला त्यांनी."

म्हातारीने सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवले, एकेक शब्द, सावकाश. सुनेने ते ओठांवरून वाचून गायलं. म्हातारीने जमिनीवर हात आपटला. पुन्हा गायलं. पुन्हा हात. तिसऱ्यांदा म्हातारीने मान डोलावली आणि मुलाला खूण केली: पुढे लाव.

आम्ही निघालो तेव्हा त्या दोघी अजून तिथेच होत्या. मुलगा कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. काकांच्या पाया पडायला वाकला तर काका मागे सरले, "माझ्या नको." माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तुमीपन लय फिरलात, ताई." मला तोंड वर करून त्याच्याकडे बघता आलं नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी होती. काका पुढे जाऊन बसले. मला वाटलं होतं, आज तरी काही बोलतील. दोन महिने उन्हातान्हात त्यांच्यामागे फिरले होते. माझ्या मनात कुठेतरी हिशेब मिटल्याची आशा होती. विरारला उतरल्यावर ते थांबले. पिशवी काखेत नीट केली.

"दुसरीकडे नोकरी बघतेयस, काकू म्हणत होती."

"हो. नालासोपाऱ्यात एका दुकानात बोलावलंय."

"तिथेही शेठ असेल," ते म्हणाले. "तो काही वेगळा नसेल. त्या वेळी तीन आठवडे लावू नकोस."

एवढं बोलून ते रेल्वेच्या पुलाच्या दिशेने चालायला लागले. मी तिथेच उभी राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि ते अगदी बरोबर बोलले होते.